ऋण काढून शहर

ऋण काढून सण करू नये, हे आपल्या घराघरांत मुरलेले शहाणपण आहे. तरीही त्याच घरांतील विवेकी माणसे कर्ज काढून घर बांधतात, शेतात विहीर खोदतात, मुलांची शिक्षणे करतात आणि त्यांस कोणी नावे ठेवीत नाही. याचे कारण उघड आहे. सण एका दिवसात सरतो. घर दोन पिढ्या उभे राहते. ज्या वस्तूचा उपयोग वर्षानुवर्षे व्हावयाचा, तिचे मोलही वर्षानुवर्षे फेडीत जाणे यात अविचार नाही. घरास लागू पडणारा हा न्याय शहरासही लागू पडतो. जलवाहिनी, मलनिःसारणाची व्यवस्था, पूल, रस्ता, वीजकेंद्र ही सारी कामे तीस-चाळीस वर्षे टिकणारी. त्यांचा सगळा खर्च एका वर्षीच्या करातून भागवावा असे म्हटले, तर एक तर कर असह्य होतील किंवा कामच होणार नाही.

मात्र घराचे कर्ज आणि शहराचे कर्ज यांत एक मोठा भेद आहे. घरात कर्ज काढणारा, वापरणारा आणि फेडणारा बहुधा एकच असतो. शहरात कर्ज काढतो एक, वापरतो दुसरा आणि फेडतो तिसरा. कित्येकदा तो तिसरा अजून जन्मासही आलेला नसतो. ज्याला फेडावयाचे नाही त्याच्या हाती लेखणी आणि ज्याला फेडावयाचे आहे त्याला पत्ताही नाही, अशी स्थिती झाली की उत्तम हेतूने काढलेले कर्जही गळफास बनते. विकासकामांसाठी कर्जरोखे आणि कर्जनिधी यांच्या द्वारे पैसा उभारण्याचा जो उद्योग आपल्या देशात गेली तीस वर्षे चालला आहे, त्यातील सगळे धोरणात्मक पेच या एका भेदातून निघालेले आहेत असे आम्हांस वाटते. इंदूर, बडोदे, हैदराबाद या तिन्ही शहरांनी अलीकडच्या वर्षांत असे रोखे काढले असल्यामुळे हा विषय आमच्या वाचकांच्या नळाशी आणि त्यांच्या बचतीशीही येऊन भिडला आहे.

संस्थानी काळचा वारसा

हा प्रकार आपणांस अगदी नवा नाही. मुंबईहून निघालेली जी. आय. पी. रेल्वे ज्या तत्त्वावर उभी राहिली ते तत्त्व हमीचे होते. १८४९ च्या करारान्वये भांडवल घालणाऱ्यांस वार्षिक ५ टक्के परताव्याची शाश्वती देण्यात आली. उत्पन्न कमी पडले तर ती तूट हिंदुस्थानच्या महसुलातून भरून द्यावयाची. गाडी धावली, देश जोडला गेला, हे खरे. पण नफा आपला आणि तोटा रयतेचा अशी विभागणी झाल्यावर खर्चात काटकसर करण्याचे कारण कंपन्यांस उरले नाही, ही टीका त्या काळातच झाली होती.

याच्या शेजारी इंदूरचे उदाहरण ठेवून पाहण्याजोगे आहे. १८७० च्या सुमारास महाराज तुकोजीराव होळकर, दुसरे, यांनी आपल्या राजधानीपर्यंत लोहमार्ग यावा म्हणून इंग्रज सरकारास १ कोटी रुपये कर्जाऊ दिले. मुदत १०१ वर्षांची आणि व्याज साडेचार टक्के. त्यातून खांडव्याहून नर्मदा ओलांडून घाट चढणारी होळकर स्टेट रेल्वे उभी राहिली. लोहमार्ग शतकभर चालावयाचा म्हणून कर्जही शतकभराचे, हा हिशेब आजच्या अर्थशास्त्र्यांनीही वाखाणावा असा आहे. बडोद्याचा आजवा तलाव सयाजीराव महाराजांच्या कारकीर्दीत बांधला गेला, ग्वाल्हेरचा तिघरा शिंद्यांच्या, इंदूरचा यशवंतसागर पुन्हा होळकरांच्या. ही कामे दरबाराच्या आश्रयाने झाली आणि त्यांचे पाणी कित्येक पिढ्या प्याल्या. संस्थाने गेली, शहरे कितीतरी पटींनी वाढली, आणि दरबाराच्या जागी जी नगरपालिका आली तिच्याजवळ जबाबदाऱ्या पुष्कळ पण खजिना अपुरा, अशी अवस्था झाली.

पैसा आहे, मुदत नाही

देशात पैसा नाही असे नव्हे. पैसा आहे, पण तो थोड्या मुदतीचा आहे. आपण बँकेत ठेव ठेवतो ती एक, दोन, फार तर पाच वर्षांची. रस्त्याचे वा वीजकेंद्राचे कर्ज मात्र फिटावयास पंधरा-वीस वर्षे लागतात. बँकेने आपली दोन वर्षांची ठेव वीस वर्षांच्या कामात गुंतवली, तर ठेवीदार दारात उभा राहिल्यावर तिने काय करावे? हा मुदतीचा विसंवाद या विषयातील पहिला आणि सर्वांत अवघड पेच होय.

एके काळी यासाठी वेगळ्या संस्था होत्या. १९४८ साली स्थापन झालेले औद्योगिक वित्त महामंडळ, १९५५ ची आय.सी.आय.सी.आय., १९६४ ची आय.डी.बी.आय. या संस्था दीर्घ मुदतीचेच कर्ज देत. उदारीकरणानंतर स्वस्त सरकारी निधीचा आधार सुटला, आय.सी.आय.सी.आय. २००२ साली स्वतःच्या बँकेत विलीन झाली, आणि पाठोपाठ आय.डी.बी.आय.नेही बँकेचे रूप घेतले. त्यानंतरच्या दशकात महामार्ग, वीज, बंदरे यांच्या कर्जांचा सारा भार साधारण बँकांवर पडला. जमिनीचे संपादन रखडले, कोळसा वेळेवर मिळाला नाही, वाहनसंख्येचे अंदाज चुकले, आणि कर्जे थकू लागली. मार्च २०१८ मध्ये बँकांच्या एकूण कर्जांपैकी ११ टक्क्यांहून अधिक कर्ज अनुत्पादक ठरले होते. पुढे हे प्रमाण पुष्कळ खाली आले. पण त्यासाठी सरकारी बँकांत जे भांडवल ओतावे लागले ते करदात्यांचेच होते, हे विसरून चालणार नाही.

कर्जनिधीची कल्पना

या पेचावर तोड म्हणून २०११-१२ च्या केंद्रीय अंदाजपत्रकात एक योजना पुढे आली. तिला पायाभूत सुविधा कर्जनिधी असे नाव मिळाले. कल्पना साधी होती. बँकेने कर्ज देऊन रस्ता बांधून होऊ द्यावा; रस्ता सुरू होऊन निदान वर्षभर नीट चालला, पथकर येऊ लागला, की कर्जनिधीने ते कर्ज बँकेकडून आपल्याकडे घ्यावे. बँकेचा पैसा मोकळा होऊन नव्या कामास लागेल. निधी स्वतःचा पैसा विमा कंपन्या, निवृत्तिवेतन निधी, परदेशी गुंतवणूकदार अशा दीर्घकाळ वाट पाहू शकणाऱ्यांकडून रोख्यांच्या रूपाने उभारील. अशा निधीसाठी दोन वाटा ठेवण्यात आल्या: एक रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखालील वित्तसंस्थेची, दुसरी सेबीच्या देखरेखीखालील म्युच्युअल फंडाची. करसवलतही देण्यात आली.

कागदावर निर्दोष दिसणारी ही योजना व्यवहारात मात्र आखडली. अशा निधींची संख्या हातांच्या बोटांवर मोजण्याइतकीच राहिली. असे का झाले याचा विचार बोधप्रद आहे.

पहिले कारण असे की, प्रकल्पाच्या आयुष्यातील खरा धोका असतो तो बांधकामाच्या काळात. जमीन मिळेल का, वनखात्याची अनुमती येईल का, ठेकेदार टिकेल का, हे प्रश्न त्या काळातले. कर्जनिधी दाराशी येतो तो हे सारे संपल्यावर. म्हणजे पिकलेल्या शेताच्या राखणीस माणूस मिळाला. नांगरणीस मिळाला नाही. दुसरे कारण त्याहून विलक्षण. प्रकल्प पूर्ण होऊन सुरळीत चालू लागला की ते कर्ज बँकेच्या दृष्टीने सर्वांत चांगले ठरते. नेमके तेच तिने दुसऱ्यास का द्यावे? चांगले कर्ज हातचे जावे आणि अडलेले पदरी राहावे, हा सौदा कोणत्या सावकारास रुचेल? तिसरे कारण पतमानांकनाचे. विमा आणि निवृत्तिवेतन निधी यांस नियमांनी उच्च मानांकनाच्या रोख्यांतच पैसा घालावा लागतो, आणि एकट्या रस्त्याच्या वा वीजकेंद्राच्या कर्जास तितके मानांकन सहसा लाभत नाही. ज्यांच्याजवळ दीर्घ मुदतीचा पैसा आहे त्यांस धोका पत्करण्याची मुभा नाही. ज्यांस मुभा आहे त्यांच्याजवळ दीर्घ मुदतीचा पैसा नाही.

रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये या निधींचे नियम बरेच सैल केले. प्रवर्तक संस्थेची सक्ती काढली, प्रकल्प-अधिकारिणीसह त्रिपक्षीय कराराची अट ऐच्छिक केली. तत्पूर्वी २०२१ साली संसदेने कायदा करून राष्ट्रीय पायाभूत सुविधा व विकास वित्तपुरवठा बँक स्थापन केली. म्हणजे ज्या तऱ्हेच्या संस्था दोन दशकांपूर्वी आपण मोडीत काढल्या, तशीच एक संस्था आपणांस पुन्हा घडवावी लागली. हे कबूल करण्यात कमीपणा नाही. पण मोडण्यापूर्वी विचार झाला असता तर मधली किंमत वाचली असती.

विश्वासास गेलेला तडा

२०१८ च्या उत्तरार्धात इन्फ्रास्ट्रक्चर लीझिंग अँड फायनान्शियल सर्व्हिसेस ही १९८७ साली स्थापन झालेली वित्तसंस्था हप्ते चुकवू लागली. तिच्या समूहात शेकडो उपकंपन्या होत्या आणि एकूण देणे ९० हजार कोटी रुपयांहून अधिक. १ ऑक्टोबर २०१८ रोजी केंद्र सरकारने तिचे संचालक मंडळ बाजूस सारून नवे नेमले. दोष पुन्हा तोच: दीर्घ मुदतीच्या कामांत थोड्या मुदतीचा पैसा. जुने देणे नव्या कर्जाने भागवीत राहावयाचे आणि एखाद्या तिमाहीत नवे कर्ज मिळाले नाही की सगळा डोलारा कोसळावयाचा.

पण सामान्य कुटुंबांच्या दृष्टीने भयंकर गोष्ट वेगळीच होती. या संस्थेच्या रोख्यांस हप्ते चुकण्याच्या थोडेच आधीपर्यंत सर्वोच्च मानांकन होते. त्या मानांकनावर विसंबून अनेक कंपन्यांच्या भविष्यनिर्वाह निधींनी त्यांत पैसा गुंतवला होता. ज्या नोकरदाराने त्या संस्थेचे नावही कधी ऐकले नव्हते, त्याच्या म्हातारपणची शिदोरी तिथे अडकली. मानांकन करणाऱ्या संस्थेस तिचे शुल्क देतो कोण? ज्याचे मानांकन करावयाचे तोच. परीक्षार्थ्याने परीक्षकास पगार द्यावा, अशी ही व्यवस्था आहे. तिच्यावर सेबीने पुढे निर्बंध कडक केले. परंतु मूळ रचना बदललेली नाही.

हमी आणि शब्द

सरकारने हमी दिली की चिंता मिटली, असे आपण धरून चालतो. दोन उदाहरणे यावर प्रकाश टाकतात.

कृष्णा खोऱ्यातील आपल्या वाट्याचे पाणी मे २००० पूर्वी अडवावयाचे म्हणून महाराष्ट्राने १९९६ साली कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन केले, आणि राज्याच्या हमीवर चढ्या व्याजाचे रोखे विकून पैसा उभारला. धरणे बांधावयास घेतली. पण पाणीपट्टीतून व्याजही निघण्याजोगे नव्हते. कालव्यांची कामे मागे राहिली, व्याज पुढे धावत राहिले, आणि देणे अखेर राज्याच्या तिजोरीवर आले. हमी हे न दिसणारे कर्जच असते. ते अंदाजपत्रकात दिसत नाही एवढाच फरक.

दुसरे उदाहरण गुजरातचे. बडोद्याच्या कित्येक घरांत त्याची आठवण असेल. १९९३ साली सरदार सरोवर नर्मदा निगमने ३,६०० रुपयांस एक असे रोखे विकले. वीस वर्षांनी, म्हणजे २०१४ साली, त्याचे १,११,००० रुपये मिळावयाचे होते. मुलीच्या लग्नासाठी, स्वतःच्या निवृत्तीसाठी अनेकांनी ते घेतले. हिशेब केला तर हे व्याज दरसाल पावणेएकोणीस टक्क्यांच्या घरात जाते. १९९३ साली ते अगदीच अवास्तव नव्हते. पण पुढे व्याजदर उतरले आणि निगमला हे देणे पेलवेना. रोखा मुदतीआधी परत करून पैसे घेण्याचा अधिकार धारकांस काही टप्प्यांवर होता. मुदतीआधी रोखा गुंडाळण्याचा अधिकार निगमला मात्र नव्हता. तेव्हा २००८ साली राज्याने खास कायदा करून तो अधिकार निगमला दिला, आणि जानेवारी २००९ मध्ये रोख्यामागे ५०,००० रुपये देऊन व्यवहार संपवण्यात आला.

३,६०० चे पंधरा वर्षांत ५०,००० झाले, मग तक्रार कशाची, असे कोणी विचारील. राज्याच्या बाजूनेही म्हणण्यासारखे पुष्कळ आहे: बाजारात व्याज निम्म्यावर आले असता काही लाख रोखेधारकांस जुन्या दराने देत राहावे आणि त्याचा भार सगळ्या जनतेने सोसावा, हा न्याय नव्हे. तथापि ज्याने शब्दावर विसंबून शेवटच्या पाच वर्षांची वाट पाहिली, त्याच्या हिशेबाने तो शब्द मोडलाच. शासन स्वतः कर्जदार असते आणि कायदाही तेच करू शकते. तेव्हा पहिला करार नीट विचार करून लिहिणे आणि मुदतपूर्व परतफेडीची अट आरंभीच घालणे हाच खरा मार्ग होता. व्याजदर कधीच उतरणार नाहीत असे धरून वीस वर्षांचा करार करणे ही धोरणातील चूक होती. तिची भरपाई पुढे विश्वासातून झाली.

इंदूरचे पाणी, इंदूरचे रोखे

आता एक आशादायक प्रकरण. १९७० च्या जनआंदोलनानंतर नर्मदेचे पाणी १९७८ साली इंदुरास आले, ही त्या शहराच्या इतिहासातील मोठी घटना. परंतु नर्मदा खाली आणि इंदूर वर माळव्याच्या पठारावर. जलूद येथून सुमारे ७० किलोमीटर अंतर आणि शेकडो मीटरांचा चढ चढवून पाणी आणावे लागते. त्यासाठी लागणाऱ्या विजेचे बिल महिन्याकाठी २५ कोटी रुपयांच्या आसपास जाऊ लागले. पाणी नर्मदेचे, पण खर्च विजेचा, अशी ही स्थिती.

यावर महापालिकेने जलूद येथेच ६० मेगावॉटचे सौर वीजकेंद्र उभारण्याचे ठरवले आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये २४४ कोटी रुपयांचे हरित रोखे विक्रीस काढले. व्याज ८.२५ टक्के, सहामाही देय. या रोख्यांचे वैशिष्ट्य असे की, ते केवळ बँका आणि मोठ्या संस्थांसाठी नव्हते. किमान १० हजार रुपये घालून सामान्य नागरिकासही ते घेता येत होते. मागणी जवळजवळ सहापट आली. परतफेड चार समान भागांत ठेवण्यात आली: तीन, पाच, सात आणि नऊ वर्षांनी.

हे प्रकरण आम्हांस का महत्त्वाचे वाटते ते सांगितले पाहिजे. २००० साली याच महापालिकेने १० कोटींचे रोखे काढले होते, तेव्हा राज्याच्या हमीचा आधार घ्यावा लागला होता. २०१८ साली तिने सुमारे १४० कोटी उभारले, आणि २०२३ साली थेट जनतेपुढे ती गेली. ही पायरी-पायरीने कमावलेली पत आहे. शिवाय कर्ज कशासाठी आणि ते कशातून फिटेल, याचा संबंध इथे सरळ आहे. ढोबळ हिशेब करून पाहावा: पहिल्या वर्षीचे व्याज सुमारे २० कोटी. ६० मेगावॉटचे केंद्र वर्षास नऊ-दहा कोटी युनिटे वीज देऊ शकते. युनिटामागे पाच रुपये धरले तरी ४५ ते ५० कोटींची बचत. केंद्र वेळेत उभे राहिले आणि नीट चालले, तर कर्ज स्वतःच्या पायांवर फिटते. या वाक्यातील ‘तर’ हाच धोका होय. तो रोख्यांच्या आकर्षक व्याजात लपून जाता कामा नये.

यातही एक सूक्ष्म प्रश्न उरतो. सौर केंद्र पंचवीस वर्षे चालावयाचे आणि कर्ज मात्र नऊ वर्षांत फेडावयाचे. म्हणजे आजच्या इंदूरकरांनी त्याचा सगळा भार उचलावयाचा आणि पुढच्यांनी जवळजवळ फुकट वीज वापरावयाची. उलट, वीस वर्षांत गंजणाऱ्या नळासाठी तीस वर्षांचे कर्ज काढले, तर नातवंडांनी मोडक्या नळाचे हप्ते भरावयाचे. होळकरांच्या १०१ वर्षांच्या कर्जाची आठवण इथे पुन्हा होते. वस्तूचे आयुष्य आणि कर्जाचे आयुष्य यांचा मेळ हा पिढ्यांतील न्यायाचा प्रश्न आहे.

इतर शहरांचे अनुभव

बडोद्याने मार्च २०२२ मध्ये १०० कोटी रुपये ७.१५ टक्क्यांनी, आणि मार्च २०२४ मध्ये आणखी १०० कोटी हरित रोख्यांच्या द्वारे ७.९० टक्क्यांनी उभारले. हैदराबादने आपल्या रस्तेयोजनेसाठी २०१८ च्या फेब्रुवारीत २०० कोटी घेतले ते ८.९० टक्क्यांनी, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ९.३८ टक्के द्यावे लागले. २०१९ साली १०.२३ टक्के. शहर तेच, काम तेच; पण पैशाचा भाव दर खेपेस चढला. शिवाय उड्डाणपुलावर पथकर नसतो. त्याचे कर्ज मालमत्ता करातूनच फेडावे लागते. पुण्याने जून २०१७ मध्ये चोवीस तास पाणीयोजनेसाठी २०० कोटी उभारले, व्याज ७.५९ टक्के. गाजावाजा मोठा झाला. पण त्याच वर्षी कामाच्या निविदा रद्द करून नव्याने मागवाव्या लागल्या. पैसा हाती, काम कागदावर आणि व्याजाचे घड्याळ मात्र चालू. कर्ज काढण्यापूर्वी काम तयार असले पाहिजे, हा धडा शिकण्यासाठी इतकी किंमत द्यावयास नको होती.

या रोख्यांस केंद्र सरकारनेही उत्तेजन दिले: १०० कोटींच्या रोख्यांमागे १३ कोटींचे अनुदान. हेतू चांगला; तरी अनुदान मिळते म्हणून कर्ज काढावे, अशी बुद्धी होण्याचा संभव त्यात आहेच.

आणखी एक मुद्दा अहमदाबादच्या इतिहासातून ध्यानात येतो. १९९८ साली त्या महापालिकेने राज्याच्या हमीविना १०० कोटींचे रोखे काढले, ही देशातील पहिली घटना. तारण म्हणून जकातीचे उत्पन्न बाजूस काढून ठेवले होते. पुढे २००७ साली गुजरातेतील महापालिकांची जकातच रद्द झाली. जकात जाचक होती आणि ती गेली हे बरेच झाले. पण तिच्या जागी महापालिकेच्या हाती स्वतःचे, वाढते उत्पन्न काय राहिले? राज्याकडून येणारे अनुदान. २०१७ च्या वस्तू व सेवा कराने उरलीसुरली स्थानिक साधनेही गेली. ज्याचे उत्पन्न दुसऱ्याच्या मर्जीवर, त्याने वीस वर्षांचे कर्ज कोणत्या बळावर घ्यावे? शहरांस कर्ज काढावयास सांगावयाचे आणि कर बसवण्याचा अधिकार मात्र काढून घ्यावयाचा, ही विसंगती जोवर आहे तोवर रोखे हे मोजक्या सधन महापालिकांचेच साधन राहणार. लहान गावांसाठी तामिळनाडूने २००२ साली एक मार्ग दाखवला होता. तेरा लहान नगरपालिकांनी एकत्र येऊन पाणी व मलनिःसारण यांसाठी ३० कोटींचे सामाईक रोखे काढले. एकट्या-दुकट्याला कोणी उभे केले नसते. एकत्र आल्यावर पत मिळाली. आपल्या सहकारी पतपेढ्यांचे तत्त्व याहून वेगळे नाही.

अखेर फेडावयाचे कोणी?

सर्व चर्चा शेवटी एका साध्या प्रश्नापाशी येते. कर्ज पैसा निर्माण करीत नाही. ते केवळ वेळ देते. त्या वेळेचे मोल दोनच माणसे देऊ शकतात: वापरणारा किंवा करदाता. कोकण रेल्वेच्या वेळी हे स्पष्टपणे सांगण्यात आले होते. १९९० साली केंद्र, महाराष्ट्र, कर्नाटक, गोवा आणि केरळ यांनी भांडवल घालून महामंडळ स्थापिले, उरलेला पैसा रोख्यांतून उभारला आणि १९९८ साली सबंध मार्ग खुला झाला. फेड व्हावी म्हणून प्रत्यक्षाहून अधिक अंतर धरून भाडे आकारण्यात आले. तरीही व्याजाचा भार भाड्यातून पेलला नाही आणि पुढे केंद्राच्या आधाराची गरज लागलीच. त्या रेल्वेमुळे गोमंतक आणि कोकण यांचे जीवन पालटले, हा लाभ तिकिटाच्या पैशांत मोजता येत नाही. म्हणूनच काही कामांचा काही भाग करातूनच झाला पाहिजे. मात्र तो किती, हे आरंभीच उघड सांगावे. बेळगावच्या निवडक प्रभागांत जागतिक बँकेच्या कर्जसाहाय्याने चोवीस तास पाणी आले, तेव्हा मापक बसले आणि वापरानुसार आकारणीही आली. दिवसाआड येणाऱ्या पाण्यासाठी घागरी मांडून बसणाऱ्या गृहिणीस या बदलाचे मोल कोणी समजावून सांगावे लागत नाही. पैसे द्यावयास लोक तयार असतात; न येणाऱ्या पाण्याचे पैसे द्यावयास ते तयार नसतात.

तेव्हा आपल्या शहराचे रोखे निघाले, की आमच्या वाचकांनी, ते गुंतवणूकदार असोत वा केवळ नागरिक, काही गोष्टी विचारून घ्याव्यात. हा पैसा नेमक्या कोणत्या कामास लागणार? त्या कामाच्या जमिनी आणि परवानग्या हाती आहेत काय? कर्ज कोणत्या उत्पन्नातून फिटणार आणि ते उत्पन्न वेगळ्या खात्यात ठेवले जाणार काय? महापालिकेचे लेखापरीक्षण वेळेवर झाले आहे काय? मुदतीआधी रोखा परत घेण्याचा अधिकार कोणाकडे आहे? आणि गुंतवणूकदाराने आणखी एक गोष्ट ध्यानात धरावी. या रोख्यांचा बाजार अद्याप विरळ आहे. अडचणीच्या वेळी विकावयास गेले तर गिऱ्हाईक मिळेलच असे नाही. मुलीच्या लग्नाचा किंवा आजारपणाचा पैसा इथे गुंतवू नये. जो पैसा मुदतीपर्यंत विसरता येईल तेवढाच घालावा.

या प्रश्नांची उत्तरे मागितल्याने विकास अडत नाही. उलट तो पायावर उभा राहतो. महापालिकेच्या सभेत कर्जाचा ठराव येतो तेव्हा गॅलरी बहुधा रिकामी असते, आणि पाणीपट्टी वाढते तेव्हा मोर्चा निघतो. हा क्रम उलटा झाला पाहिजे. ठरावाच्या दिवशी चार जाणत्या माणसांनी उपस्थित राहून हिशेब विचारला, तर दहा वर्षांनी मोर्चा काढण्याची वेळ येणार नाही. आपले पूर्वज या शहरांत दरबाराच्या चाकरीसाठी आले, दप्तरे त्यांनी सांभाळली, जमाखर्च चोख ठेवले. तोच चोखपणा आता नागरिक म्हणून दाखवण्याची वेळ आली आहे.